देऊळघाटकरांनो, यंदा पेरणी आडवी करू या

पैनगंगा आपल्या गावापलीकडच्या अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते. त्यामुळे तिच्यात पहिली माती मिसळते ती आपल्याकडची. पहिल्या दणक्याच्या पावसात ओढ्यानाल्यांना जे गढूळ पाणी येते, त्यात आपल्या वावराचा सगळ्यात कसदार वरचा थर असतो. त्याच्याबरोबर शेणखत जाते आणि उधारीवर आणलेले डीएपीही जाते. खाली येळगाव धरणात हीच माती गाळ होऊन बसते आणि बुलढाणा शहराच्या पिण्याच्या पाण्याची जागा खाते. नुकसान शेतकऱ्याचे आणि शहराचेही.

ही माती पुन्हा विकत मिळत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून आपला काळा खडक झाला. उन्हापावसाने तो झिजला, त्याचा मुरूम झाला आणि मुरमाची माती. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. या खडकातून जी चिकणमाती तयार होते, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांत वरची माती पडते, जमीन आपली आपण उलथते. पावसाळा संपल्यावर नुसत्या ओलीवर हरभरा येतो, तो याच गुणामुळे.

पण ओल धरायला खोली लागते. नदीकाठी पुरुषभर काळी माती आहे, टेकडीच्या उतारावर मात्र वीतभरच, त्याखाली मुरूम. एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर थर गेला, तर दहा घनमीटर, म्हणजे तीन-चार ट्रॉल्या माती गेली. वावराकडे पाहून ते कळतही नाही. कळते ते ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस उघडला आणि उतारावरचे सोयाबीन आधी सुकले, तेव्हा.

वाटण्या होता होता वावरांच्या लांबट पट्ट्या झाल्या, आणि त्यातल्या कित्येक उतारालाच धरून आहेत. ट्रॅक्टरला लांब तास सोयीचे, म्हणून पेरणीही उताराने होते. मग प्रत्येक तास पाण्याला वाट करून देते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लोकांनी उन्हातान्हात बांधबंदिस्ती केली. आज दोन तासे जास्त मिळावीत म्हणून आपण धुरे कोरतो. पऱ्हाट्या आणि कुटार पेटवून देतो, आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब उरला नाही म्हणून हळहळतो.

हे थांबवणे आपल्या हातात आहे. १ मेच्या ग्रामसभेत चार गोष्टींचा ठराव करू या.

एक, उतारावरच्या वावरांत पेरणी आडवीच करायची. पट्टी अरुंद असेल तर शेजाऱ्याशी बोला; दोघातिघांनी मिळून एकाच ट्रॅक्टरने सलग आडवे तास घातले, तर वळणांचा खर्च वाचतो आणि धुराही शाबूत राहतो. सोयाबीनला रुंद वरंबा-सरी पद्धत घ्या; सरीत पाणी मुरते, जास्तीचे संथपणे निघते.

दोन, धुरा कोरायचा नाही. फुटला असेल तिथे दगडाची सांड करून गवत लावायचे.

तीन, काडी लावायची नाही. पऱ्हाट्यांचे तुकडे करून आणि कुटार कुजवून जमिनीलाच परत द्यायचे.

चार, तलावाचा गाळ मुरमाड वावरांनाच आधी द्यायचा. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. तिचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत करता येतो. गाळ टाकण्याआधी माती तपासून घ्या.

नियम सगळ्यांनी पाळले तरच उपयोग. वरच्या वावराने पाणी मोकळे सोडले, तर खालच्याचा बांध टिकत नाही. म्हणून एकट्याने सुरुवात न करता आपल्या नाल्याकाठच्या सगळ्या शेजाऱ्यांना घेऊन ग्रामसभेला या. मृगाआधी आपल्याकडे महिनाभर असेल. तेवढ्यात धुरे बांधून होतात.