काटकसरीचा पुरा हिशेब

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही शहरांतील घरपट्टी, पाणीपट्टी व जन्ममृत्यूच्या नोंदी आता संगणकावर विसंबून आहेत. कारखान्यांचे हिशेबही तसेच. अशा एकेका कामासाठी पूर्वी स्वतंत्र सर्व्हर घ्यावा लागे आणि त्याची बरीचशी शक्ती वाया जाई. आभासीकरणामुळे एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर नांदू लागले. यंत्रे कमी झाली, विजेचा खर्च उतरला. हा लाभ खरा आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

परंतु जमेची बाजू पाहून वही मिटता येत नाही. दहा यंत्रांचे काम एकावर आले, म्हणजे ते एक बंद पडताच दहाही कामे ठप्प होणार. म्हणून दुसरे यंत्र राखीव हवे, सामाईक साठवण हवी आणि ती सांभाळणारा जाणता माणूस हवा. जेथे दोनतीनच सर्व्हर आहेत, तेथे ही बचत बहुधा टिकत नाही. शिवाय २६ जुलै २००५ चा प्रलय उल्हास नदीकाठी विस्मरणात जाणे शक्य नाही. नोंदींची दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवणे हा निव्वळ अविचार होय.

याहून मोठा खर्च परावलंबनाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने या क्षेत्रातील अग्रगण्य व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली आणि पुढल्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. त्यांच्या ‘व्हीस्फिअर ७’ या आवृत्तीचा नियमित आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा ती वापरणाऱ्यांना जुन्या परवान्यावर निर्धास्त बसणेही धोक्याचे झाले. २००७ पासून लिनक्सचा भाग असलेले ‘केव्हीएम’ विनामूल्य आहे खरे. पण स्थलांतराचे श्रम व प्रशिक्षित माणसे विनामूल्य मिळत नाहीत.

तेव्हा कोणतीही निविदा मंजूर करण्यापूर्वी निदान पाच वर्षांचा खर्च मांडला जावा आणि त्या व्यवस्थेतून बाहेर पडण्यास काय पडेल, हेही त्यात लिहिले जावे. तिन्ही नगरसंस्थांनी निराळे संसार थाटण्याऐवजी जाणते मनुष्यबळ व दूरस्थ साठवण यांची सामाईक व्यवस्था करता येईल काय, याचाही विचार अवश्य व्हावा. पैसा करदात्यांचा आहे. खरेदीच्या दिवशीची बचत दाखवून त्यांचे समाधान होण्यासारखे नाही.