विटांचा हिशेब

लेगोच्या विटांची किंमत ऐकून बोईसर-तारापूरचा कंत्राटी कामगार दुकानातूनच मागे फिरतो. पण १९५८ ची वीट आजच्या विटेत घट्ट बसते! म्हणजे वस्तू टिकाऊ आहे. महाग आहे ती एकट्याची खरेदी. याच पालघर जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी शिंपले-बियांतून शिक्षणसाधने घडविली. खेळ म्हणजे शिक्षणच. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना शिक्षण देण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे संविधानाचे कलम ४५ सांगते. ते न्यायालयातून बजावता येत नाही. म्हणून ग्रामसभेत बजावा. ग्रामपंचायतीचा १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखीव असतो. बांधवांनो, भगिनींनो, त्यातून अंगणवाडीसाठी मोठ्या विटांचा संच मागा. एक संच कित्येक वर्षे पोरांना पुरेल. ही याचना नव्हे, हक्क आहे!