पक्षाघात आणि पाळीचे घड्याळ

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या कामगाराचे अर्धे अंग अकस्मात लुळे पडले की 'अंगावरून वारे गेले' असे आजही म्हटले जाते. हा शब्दप्रयोग बोलका खरा. पण त्यातून दैवगतीचा जो भास होतो तो घातक आहे. पक्षाघात म्हणजे मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होणे किंवा फुटणे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर देता येते. तेल चोळण्यात किंवा 'सकाळी पाहू' म्हणण्यात ही मुदत निघून जाते.

लक्षणे ओळखावयास वैद्यकीय पदवी लागत नाही. हसावयास सांगितले असता तोंड एका बाजूस ओढले जाते, दोन्ही हात उचलले असता एक खाली घसरतो, जीभ जड होते किंवा शब्द सुचत नाहीत. कधी एकाएकी दृष्टी जाते, तोल जातो, किंवा पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी उठते. गुठळीच्या पक्षाघातात बहुधा वेदना नसते, आणि गफलत होते ती येथेच. हातातला पाना गळून पडला, दहा मिनिटांनी हात पूर्ववत झाला, की कामगार पुन्हा यंत्रापाशी उभा राहतो. वस्तुतः ही पुढच्या मोठ्या आघाताची पूर्वसूचना असते आणि धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. पण पाळी अर्धी सोडली तर कंत्राटी कामगाराचा खाडा लागतो, ठेकेदार उद्या दुसरा माणूस आणतो. अशा स्थितीत त्याला निष्काळजी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

चाकण-महाळुंगे भागातील 'कॉट बेसिस'च्या खोल्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिसरी पाळी करून आलेला कामगार झोपतो, सोबती पहिल्या पाळीस गेलेले असतात. तो दुपारी लुळ्या हाताने जागा झाला, तर डॉक्टर वेळ मोजतात ती तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. ती सांगावयास खोलीत कोणी नसते.

कारणांत पहिला क्रमांक उच्च रक्तदाबाचा. मग मधुमेह, तंबाखू, मद्य आणि हृदयाचे अनियमित ठोके. रक्तदाब मुकाट्याने वाढतो, मोजल्यावाचून कळत नाही. परंतु या यादीत कामाचे तास सहसा लिहिले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्यास ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. आता महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा सप्टेंबर २०२५ मधील निर्णय पाहा. कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास त्याने मान्यता दिली. १४४ तास तेरा आठवड्यांवर वाटले तर आठवड्यास ११ येतात. ते ४८ मध्ये मिळविले की ५९ होतात. जुन्या मर्यादेतही हा आकडा ५७ च्या आसपास होताच, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळतो असे उत्तर दिले जाईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास तेवढ्याने समाधान होत नाही. पक्षाघाताने खाटेस खिळलेल्या माणसाचा पुढील वीस वर्षांचा खर्च त्याच्या घरातील बाई सोसते आणि तो कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांबरोबर सरकारने चाळिशीपुढील कामगारांस वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचे आश्वासन दिले आहे. ते स्वागतार्ह आहे. पण चाकणच्या असेंब्ली लाईनवर उभी असलेली बहुसंख्य मुले विशी-तिशीतली आहेत. तपासणी वयाशी न जोडता पाळीशी जोडावी आणि कंत्राटी कामगारास त्यातून वगळू नये, ही मागणी संघटनांनी मागणीपत्रात घातली पाहिजे.

सरकार हलेपर्यंत शाखांना करण्याजोगे काम आहे. रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र गेटसभेस न्यावे; १४०/९० किंवा त्यावर आकडा पुन्हा पुन्हा आल्यास त्या साथीस डॉक्टरकडे पाठवावे. आपल्या कारखान्यापासून सर्वांत जवळ, चोवीस तास सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन असलेले रुग्णालय कोणते, याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी आणि त्याचे नाव, १०८ या क्रमांकासह, मराठी व हिंदीत फलकावर लिहावे. तळेगाव चौकातील कोंडीत रुग्णवाहिका किती वेळ अडकते तेही पाळी सुटण्याच्या वेळेस मोजून पाहावे. रुग्णास पाणी पाजू नये, कोणी सुचविली तरी अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नये. आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते बरोबर जाणाऱ्याने कागदावर लिहून न्यावे.