खंबीर मनाच्या नावाखाली

मेंदूच्या गाठीवर रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाला फार काही सांगू नये, असं मत नुकतंच एका जाहीर व्याख्यानात ऐकलं. वक्ते वयाने मोठे, सभेत मान असलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रोज दहा-पंधरा मिनिटं टेबलावर पडून राहायचं, दुखत नाही, खुपत नाही, मग तयारी कसली करायची? तपशील ऐकून रुग्ण खचतो, म्हणून ते घरच्यांनी आपल्यापाशीच ठेवावेत. आणि मन खंबीर असेल तर दुष्परिणाम जवळ फिरकत नाहीत. ज्यांना त्रास होतो ते मनाने आधीच हरलेले असतात. सभागृहात टाळ्या पडल्या. मला मात्र हे मत रुग्णाच्या जिवाशी खेळणारं वाटतं, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

आधी तयारीचा मुद्दा. किरण लागताना दुखत नाही, हे खरं. पण त्या दहा मिनिटांसाठी आधी बरंच काही घडतं. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात. ती थंड होऊन त्या चेहऱ्याच्याच आकाराची घट्ट होते. मग रोज तो मुखवटा टेबलाला पक्का करतात, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. खोलीत रुग्ण एकटाच असतो. बाहेरून कॅमेऱ्यात त्याला पाहत असतात. आपल्याला पाहताहेत आणि हात वर केला की मशीन थांबतं, एवढं ज्याला सांगितलेलं असतं तो निवांत पडून राहतो. ज्याला सांगितलेलं नसतं त्याचा जीव पहिल्याच दिवशी घाबराघुबरा होतो. बंद जागेची भीती असेल तर ती मुखवटा करण्याआधी बोलायची, केस-दाढी कमी करायची असेल तर तीही आधीच. याला तयारी म्हणत नाहीत तर काय म्हणतात? शिवाय ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीसाठी किरणांची मात्रा ६० ग्रे, ती ३० भागांत, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. गडचिरोलीहून परळच्या टाटा मेमोरियलला येणाऱ्या माणसाने ते सहा आठवडे राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं पुरी आहेत का, हे उपचार सुरू होण्याआधी पाहावं लागतं. ‘तयारी कसली’ हा प्रश्न ज्यांचं घर हॉस्पिटलच्या शेजारी आहे त्यांनाच सुचतो.

तपशिलाने रुग्ण खचतो, हा दुसरा मुद्दा. रुग्ण खचतो तो न सांगितलेल्या गोष्टींनी. दोन-तीन आठवड्यांनी उशीवर केसांचा पुंजका दिसणार, हे माहीत असलेला माणूस वाईट वाटून घेतो आणि पुढे जातो. माहीत नसलेल्याला वाटतं, आजार वाढला. हा विषय माझ्या लेखी इथेच संपतो.

आता तिसरा मुद्दा, आणि खरा राग त्याचाच आहे. मन खंबीर असेल तर त्रास होत नाही, हे वाक्य धीर देत नाही, ते आरोप करतं. मळमळ झाली, थकवा आला, चिडचिड झाली, की रुग्णाच्या नावावर आणखी एक गुन्हा जमा: तू मनाने कमकुवत. ज्याच्या डोक्यात गाठ आहे त्याच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

शरीरात काय होतं ते पाहा. गाठीभोवती सूज असते, आणि किरणांनी ती काही काळ वाढूही शकते. डोकेदुखी आणि उलट्या बऱ्याचदा त्या सुजेमुळे होतात. ती उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. हे औषध झोप उडवतं, भूक वाढवतं, रक्तातली साखर चढवतं, माणसाला चिडकं करतं. जास्त दिवस चाललं तर मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि जमिनीवर बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. माझ्या बहिणीच्या उपचारांच्या काळात वेटिंग हॉलमध्ये मी एका कुटुंबाला हे सगळं ‘आळस’ आणि ‘हट्टीपणा’ या दोन शब्दांत आटोपताना ऐकलं. नवरा रात्री दोनला उठून जेवायला मागतो, याचं त्या बाईला रडू येत होतं. ती औषधाची भूक आहे आणि गोळी सकाळी घेतली तर झोप थोडी सावरते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या माणसाचं मन दगडासारखं खंबीर असतं तरी त्या गोळीने त्याला भूक लागलीच असती.

थकव्याचंही तेच. तो आठवड्यागणिक साठत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे टिकतो. काहींना तर शेवटच्या बैठकीनंतर महिना-दीड महिन्याने गाढ सुस्ती येते. अशा वेळी ‘ऊठ, फिर, मनाला उभारी दे’ म्हणणारे नातेवाईक रुग्णाला आणखी थकवतात.

आणि पुरावाच हवा असेल तर तो मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलमध्ये मेंदूतल्या सौम्य आणि कमी तीव्रतेच्या गाठी असलेल्या २०० मुलामुलींवर, तरुणांवर एक चाचणी झाली. वयं ३ ते २५. कुणाला कोणतं तंत्र हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, दुसऱ्याला गाठीच्या आकाराला नेमकं धरून किरण दिले. मात्रा तीच, ५४ ग्रे. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के रुग्णांना हार्मोनचा नवा बिघाड झाला, नेमक्या पद्धतीत ३१ टक्क्यांना. बुद्धीची कामगिरीही नेमक्या पद्धतीत अधिक चांगली राहिली. दोन गटांतली मुलं चिठ्ठीने वाटलेली. एका गटाची मनं अधिक खंबीर असण्याचं काही कारण नव्हतं. फरक पाडला तो किरणांच्या नेमकेपणाने. खंबीरपणाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावं.

या सिद्धांताची सगळ्यात मोठी हानी अजून सांगायची आहे. खंबीर दिसायचं ठरवलेला रुग्ण लक्षणं लपवतो. डोकं जास्त दुखतंय, हाताला मुंग्या येतात, सकाळी उलटी झाली, हे तो डॉक्टरांना सांगत नाही. आणि औषधाची मात्रा बदलायला हवी तेव्हा ती बदलली जात नाही. दुसरा एखादा ‘गोळ्यांवर जगायचं नाही’ म्हणून डेक्सामेथासोन एकदम बंद करतो. शरीराला त्याची सवय झालेली असते, ते टप्प्याटप्प्यानेच कमी करायचं असतं. एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. ही लपवाछपवी टाळ्या घेणाऱ्या वाक्यांतूनच जन्माला येते.

हा वाद नवा नाही. रुग्णासमोर कॅन्सरचं नाव घ्यावं की नाही, यावर मी पूर्वी पुष्कळ भांडलो आहे. तेव्हाही समोरचे म्हणत, नाव ऐकूनच माणूस मरेल. फाईल लपवायची, बायोप्सीला ‘छोटी तपासणी’ म्हणायचं, आणि रुग्ण सगळं ओळखून एकटाच झुरत राहायचा. त्याआधी क्षयरोग्याच्या स्वभावाला दोष देत. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी जंतू दाखवला, तरी स्वभावाचा दोष पुढेही बरीच वर्षं बोलला गेला. मेंदूच्या गाठीबाबत तीच चूक आपण आज नव्या उत्साहाने करतो आहोत.

मग करायचं काय? किती ऐकायचं आहे हे रुग्णालाच विचारावं, आणि मागेल तेवढं सगळं सांगावं. मुखवटा होण्याआधी किरण कुठून जाणार, केस कुठले जाणार, रात्री-अपरात्री कोणत्या लक्षणांवर फोन करायचा, हे विचारून लिहून ठेवावं. स्टिरॉइडने चेहरा सुजून मुखवटा आवळू लागला तर तंत्रज्ञांना त्याच दिवशी सांगावं. तो पुन्हा करता येतो. डोक्याला तेल, लेप, काढे, चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बाहेरून दिलेल्या किरणांनी रुग्णाच्या अंगातून काही निघत नाही, तेव्हा नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावं. आणि उपचारांनंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली तरी ती कधीकधी उपचाराचीच प्रतिक्रिया असते, हे तो अहवाल हातात येण्याआधी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं.

धीर जरूर द्यावा. पण रुग्णाला ‘मला त्रास होतोय’ असं मोकळेपणी म्हणता आलं पाहिजे, आणि ते ऐकून कुणी त्याच्या मनाची परीक्षा घेऊ नये. एवढी मोकळीक ज्या घरात आहे, तिथला रुग्ण हे सहा आठवडे अधिक सुरक्षितपणे पार करतो, असं माझं ठाम मत आहे.