पांचामुखीं परमेश्वर

देवाचा आवाज आपल्यास ऐकूं यावा, अशी इच्छा घरोघरीं पुष्कळांची असते. परंतु तो ऐकण्यासाठीं आपण बहुधा एकटेच देवघरांत जाऊन बसतों. गेल्या चैत्रांत आम्हीही असेच बसलों होतों. गांवचें वडिलोपार्जित घर विकावें कीं ठेवावें, हा प्रश्न होता. पूजा आटोपल्यावर मन शांत झालें आणि ‘विकावें’ असा कौल मिळाल्यासारखें वाटलें. तो कौल आमच्या सोयीचाच होता, ही गोष्ट त्या वेळीं ध्यानांत आली नाहीं.

अंतःकरणाचा आवाज ही सहजासहजीं हातीं येणारी वस्तु नव्हे. महात्मा गांधींनीं १९३३ च्या मे महिन्यांत २१ दिवसांचें उपोषण आरंभिलें, तें असा आवाज ऐकूनच, असें त्यांनीं सांगितलें होतें. परंतु त्यांच्या मागें अनेक वर्षांची साधना होती. आमच्या मागें अर्ध्या तासाची पूजा!

येथें धानोऱ्याच्या शेजारींच मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें लहानसें गांव आहे. सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ सालीं मिळविणारें गांव म्हणून त्याचें नांव देशभर झालें. पण आम्हांस अधिक नवल वाटतें तें तेथील ग्रामसभेचें. तेथें हात वर करवून मतें मोजीत नाहींत. स्त्रीपुरुष एकत्र बसतात, आणि सर्वांचें एकमत होईपर्यंत निर्णय होत नाहीं. एकाची हरकत असली तरी पुन्हा बसावयाचें. शिकलेल्या माणसास ही वेळेची नासाडी वाटेल. आम्हांसही प्रथम तशीच वाटली. ‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण आपण नित्य बोलतों, आणि पांचांपैकीं सोयीचीं तीन मुखें ऐकून उठतों. मेंढ्याचे लोक पांचवें मुख उघडेपर्यंत थांबतात.

आमच्या घरीं विक्रीचें ठरलें तेव्हां थोरल्या काकूंना कोणींच विचारलें नव्हतें. त्या घरांत त्यांनीं चाळीस वर्षें काढलीं. पण कागदावर त्यांचें नांव नाहीं, मग विचारावयाचें कशास, असा सर्वांचा समज. त्या ग्रामसभेची आठवण होऊन एके दुपारीं आम्ही त्यांच्यापाशीं जाऊन बसलों.

“काकू, घर विकूं नये असें तुम्हांला वाटतें का?”

त्या वाती वळीत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “घराचें काय, विका. पण परसांतल्या विहिरीवर मागच्या आळींतलीं चार घरें पाणी भरतात. त्यांना सांगितलेंत का?”

हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याही मनांत उठला नव्हता; देवघरांतही नाहीं. घर घेणाऱ्या गृहस्थांस तूर्त थांबावयास कळविलें आहे. धाकटे बंधु त्यामुळें रागावले आहेत, आणि त्यांचा राग अगदींच अकारण आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. येत्या रविवारीं सर्वांनीं गांवीं जावयाचें ठरलें असून त्या चार घरांतील मंडळींनाही ओटीवर बोलावणें धाडलें आहे. काकूही येणार आहेत.