आजी-आजोबांच्या चालीनं जंगल: क्रूगर ते फणसाड

जून महिना लागला की परदेशातल्या मराठी घरांत दोन गोष्टी एकदमच होतात. मुलांच्या शाळांना सुट्टी लागते आणि रोहा, पेण, अलिबागकडून आई-वडील येऊन दाखल होतात. पुढच्या दोन महिन्यांचा कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो: दोन मोठ्या शहरांची धावती भेट, एखादा धबधबा, मुलांसाठी पाळण्यांची बाग आणि बाजारहाट. मुलं पाळण्याच्या रांगेत, आई-बाबा मुलांच्या मागे, आणि आजी-आजोबा बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेले. फोटोत तिन्ही पिढ्या एकत्र दिसतात. दिवसभर मात्र त्या एकत्र नसतात.

तिन्ही पिढ्यांना खऱ्या अर्थानं एकत्र काढता येईल असा प्रवास म्हणजे जंगलातला, स्वतः गाडी चालवत केलेला प्रवास. तो शिकायचा तर दक्षिण आफ्रिकेत शिकावा, आणि शिकून झाला की रोह्याला येऊन फणसाडच्या रानात करावा, अशी या लेखाची भूमिका आहे.

आधी आफ्रिका. क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली स्थापन झालं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या अडीचपटीहून जास्त. एवढ्या मोठ्या रानात पर्यटकाला स्वतःची किंवा भाड्यानं घेतलेली साधी गाडी घेऊन फिरता येतं. मुख्य रस्ते डांबरी आहेत. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते. वेगाची मर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर, आणि पाहणारे त्याहूनही हळू जातात. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे.

कुटुंबाला खरा फायदा होतो तो याच मनाईचा. कुणालाच उतरायचं नसल्यामुळे मागं कुणीच राहत नाही. पंचाहत्तरीचे आजोबा आणि आठ वर्षांची नात एकाच उंचीवर, एकाच काचेतून, एकाच झुडपाकडे बघत असतात. गुडघे दुखतात म्हणून कुणी खाली थांबत नाही आणि पाय शिवशिवतात म्हणून कुणी पुढे पळत नाही. अशा प्रवासात लागतं ते फक्त थांबण्याचं आणि बघण्याचं कसब, आणि त्यात बहुतेक वेळा सर्वांत जुनी पिढीच सरस ठरते. ज्यांनी लहानपणी गुरं राखली, भात पोटरीला आल्यावर रात्री रानडुकरं हाकलली, आंब्यावर वानरं उतरण्याआधीच पानांची सळसळ ओळखली, त्यांच्या डोळ्यांना करड्या गवतातली हालचाल लवकर कळते. नातवंडांना आजोबांचं हे रूप एरवी बघायलाच मिळत नाही. परदेशातल्या घरात आजोबांना धुण्याचं यंत्र कसं लावायचं ते नातू शिकवतो, आणि इथे आजोबा नातवाला कुठे बघायचं ते सांगतात.

शाळेच्या सुट्टीचं गणितही जुळतं. उत्तर गोलार्धातले जून, जुलै आणि ऑगस्ट हे क्रूगरमधले कोरड्या हिवाळ्याचे महिने. गवत वाळून बसलेलं, झाडं बरीचशी निष्पर्ण, रानातली डबकी आटलेली. त्यामुळे जनावरं नदीकाठी आणि पाणवठ्यांवर गोळा होतात. डासही याच दिवसांत कमी असतात. पहाटे मात्र हुडहुडी भरते. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून आलेल्या आजीसाठी स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे आठवणीनं घ्यावेत.

स्कुकुझा ते लोअर सॅबी हा सॅबी नदीच्या काठाकाठानं जाणारा डांबरी रस्ता नमुन्यादाखल घ्या. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं. घाईनं गेलं तर तासाभरात संपेल, नीट बघत गेलं तर अख्खी सकाळ पुरत नाही. वाटेत साधारण मध्यावर न्कुह्लू नावाची उतरण्याची जागा आहे. तिथे स्वच्छतागृह आहे, चहा मिळतो, झाडाखाली बाकं आहेत. मधुमेह किंवा मूत्रविकार असलेल्या माणसासाठी असा थांबा सिंहाइतकाच महत्त्वाचा, आणि प्रवास आखताना आधी तो बघावा. लोअर सॅबीच्या अलीकडे सनसेट डॅम नावाचं तळं रस्त्याला अगदी लागून आहे. तिथे गाडी बंद करून अर्धा तास नुसतं बसावं. पाणघोडे फुसकारे टाकत वर येतात, मगरी काठावर पडलेल्या असतात, बगळे आणि करकोचे उथळ पाण्यात उभे असतात. पहिल्या दहा मिनिटांत मुलं चुळबुळतात, मग आजी एखादी गोष्ट दाखवते आणि पुढची वीस मिनिटं कुणी हलत नाही.

मुक्कामाचं काय, हा प्रश्न मराठी घरात सगळ्यांत आधी येतो, आणि त्यात जेवणाचा प्रश्न दडलेला असतो. क्रूगरच्या मुक्कामाच्या तळांना कुंपण असतं. सूर्यास्ताला फाटकं बंद होतात आणि उशिरा पोहोचणाऱ्याला दंड भरावा लागतो. आतल्या अनेक खोल्यांना शेगडी, भांडी आणि फ्रिजसह छोटं स्वयंपाकघर असतं. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात भारतीय किराणा मिळतो, तिथून डाळ, तांदूळ, मसाले घेऊन निघालं की शाकाहारी आजीचीही चिंता मिटते. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकाची जागा ओसरीवर असते आणि माकडं, बबून टपून असतात. फ्रिजची कडी लावायला विसरलं की गेलं सगळं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

या तळांवर जनावरं कुठे दिसली याचा एक फलक असतो. उद्यानाच्या नकाशावर प्रत्येक प्राण्यासाठी वेगळ्या रंगाची टिकली लावायची. संध्याकाळी परतल्यावर मुलं धावत जाऊन टिकली लावतात. बिबट्याची टिकली लावायचा मान ज्याला तो आधी दिसला त्याचा, असा घरचा नियम केला तर आजोबाही फलकापाशी हजर होतात.

ज्यांना रोज गाडीत बसणंही जड जातं त्यांच्यासाठी नामिबियातलं एटोशा आहे. तिथल्या ओकाउकुएजो तळाच्या कुंपणाला लागूनच एक पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद दिवे असतात आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला बाकं मांडलेली असतात. खोलीतून चार पावलं चालत जायचं, शाल पांघरून बसायचं. हत्ती येतात, काळे गेंडे येतात, पाणी पिऊन निघून जातात. मात्र नामिबियात मुख्य मार्ग सोडले की लांबलचक खडीचे रस्ते लागतात. कंबरदुखी असणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावं.

या मताला विरोध करणारे तीन मुद्दे नेहमी निघतात, आणि त्यांचा विचार व्हायला हवा.

पहिला मुद्दा असा की खासगी लॉजमध्ये उघड्या जीपमधून, वाटाड्यासोबत गेलं तर जास्त प्राणी दिसतात. हे खरं आहे. पण अशा जीपा काळोख असतानाच निघतात, थंड वारा थेट अंगावर येतो, आणि गाडी रस्ता सोडून खाचखळग्यांतून जाते. बऱ्याच लॉजमध्ये लहान मुलांना वयाची अटही असते. म्हणजे जाणार कोण, तर मधली पिढी. दुसरा मुद्दा हिवतापाचा. क्रूगर आणि एटोशा हिवतापाच्या पट्ट्यात येतात. आधीच चार औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. ज्यांना हा धोका पत्करायचाच नाही त्यांच्यासाठी जोहान्सबर्गपासून दोन-तीन तासांवरचं पिलानेसबर्ग किंवा ईस्टर्न केपमधलं अॅडो हत्ती उद्यान आहे. हे दोन्ही प्रदेश हिवतापमुक्त आहेत. तिसरा मुद्दा खर्चाचा. सरकारी तळावर राहणं, स्वतः गाडी चालवणं आणि घरीच रांधणं हा जंगल बघण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि सात-आठ माणसं एका गाडीत मावली तर तो आणखी स्वस्त पडतो.

आता रोहा.

उन्हाळ्यात आफ्रिकेला जाऊन आलेलं हेच कुटुंब डिसेंबरात गावी येतं. वडखळ, नागोठणे करत गाडी रोह्याला पोहोचते, धावीर महाराजांचं दर्शन होतं, नातेवाइकांकडे जेवणं होतात, एक दिवस काशीदच्या किनाऱ्यावर जातो आणि सुट्टी संपते. रोह्याहून साधारण तासाभराच्या वाटेवर फणसाड अभयारण्य आहे. मुरुड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेलं हे रान एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं जंगल होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. क्रूगरला चार दिवस देणारी माणसं फणसाडला चार तासही देत नाहीत, आणि का देत नाही असं त्यांना विचारलं तर उत्तर येतं, ‘तिथे दिसतं काय?’

दिसतं बरंच. बिबट्या इथे आहे, आणि क्रूगरमध्ये ज्याच्यासाठी गाड्यांची रांग लागते तो हाच प्राणी. सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथे उंच झाडांच्या शेंड्यावर घरटी बांधतो. ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ, हिरडा अशी दाट झाडी आहे आणि त्यांवर चढलेले गारंबीचे अजस्र वेल. गारंबीची शेंग हातभरापेक्षा लांब असते आणि तिच्या बिया समुद्रावर तरंगत दूर जातात. हाच वेल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही वाढतो. फणसाड ज्यांच्या मुलखात होतं ते जंजिऱ्याचे सिद्दीही मूळ आफ्रिकेतले, आणि या किनाऱ्याला हबसाण म्हणत. केप टाउनमध्ये आज राहणाऱ्या कोकणी मुस्लिम कुटुंबांचे पूर्वज याच कोकण किनाऱ्यावरून तिकडे गेले. सैबेरिया आणि चीनकडून निघणारा आमूर ससाणा दर वर्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता उडत आफ्रिकेत पोहोचतो आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढतो. नातवंडांना एवढा धागा हाती दिला तर फणसाड ही क्रूगरची गरीब नक्कल वाटणार नाही.

गिधाडांची गोष्टही दोन्हीकडची आहे. भारतात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे पांढऱ्या पाठीची गिधाडं झपाट्यानं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आफ्रिकेतली पांढऱ्या पाठीची गिधाडं मुख्यतः विषप्रयोगानं मरतात. दोन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त आहेत. मेलेली जनावरं ठरावीक जागी ठेवून गिधाडांना सुरक्षित अन्न देण्याची पद्धत १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगरांत सुरू झाली, आणि तीच पुढे फणसाडमध्येही वापरली गेली. रायगडातच म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गावकरी आणि निसर्गप्रेमी मिळून गिधाडांची घरटी राखत आले आहेत. गावात मेलेलं जनावर कुठे टाकत आणि त्यावर गिधाडं कशी उतरत, हे रोह्याच्या कुठल्याही सत्तरीतल्या माणसाला आठवतं. नातवानं ते आजोबांकडून ऐकायला हवं, आणि ऐकण्याची जागा जंगलाच्या वाटेवरच असावी.

फणसाडची अडचण एकच: इथे गाडीत बसून सगळं दिसत नाही, चालावं लागतं. म्हणून क्रूगरची शिस्त इथे थोडी बदलून वापरायची. सुपेगावच्या बाजूनं जायचं, तिथला स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा. जिथवर गाडी नेऊ देतात तिथवर आजी-आजोबांना गाडीतून न्यायचं. रानातल्या पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात. चिखलगाणसारख्या एखाद्या जागी दोन घडीच्या खुर्च्या मांडून त्यांना बसवायचं. तरुणांनी पुढे पाय मोकळे करून यावं, एखादं नातवंड मात्र आजोबांजवळ थांबावं. आवाज नाही, संगीत नाही, प्लॅस्टिक नाही. शेकरूची हाक पहिल्यांदा कोण ओळखतो ते बघावं. जाळ रानात करायचा नाही. पोपटी लावायची ती परत आल्यावर घरच्या अंगणात: मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, म्हणजे हंगामही तोच.

काही सोयी व्हायला हव्यात आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. एका तरी पाणवठ्याजवळ चढण नसलेली, टेकून बसता येईल अशी लपणाची जागा हवी. वाटेवर बाकं हवीत. सुपेगावला क्रूगरसारखा नकाशाचा फलक आणि रंगीत टिकल्या हव्यात. परदेशातली मराठी मंडळं गणेशोत्सवासाठी पेणच्या मूर्ती मागवतात, नाटकांचे दौरे ठरवतात. याच संघटनशक्तीतून वनखात्याच्या परवानगीनं एक फलक आणि चार बाकं नक्की होऊ शकतात.

मंडळाच्या सभासदांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या जूनसाठी क्रूगरची आखणी करत असाल तर डिसेंबरच्या तिकिटांत फणसाडचे दोन दिवस आत्ताच राखून ठेवा. बाकासाठी वर्गणी काढायची तयारी असणाऱ्यांनी कार्यकारिणीला कळवावं, आणि आजी-आजोबांनी जे जे दाखवलं त्याची यादी पुढच्या अंकासाठी पाठवावी.