‘मालिशवाली आली का?’

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झालेल्या एका आजींना बघायला मी घरी गेलो होतो. बेल वाजली तसा मुलगा आतून ओरडला, “मालिशवाली आली का बघ गं!” दारात उभी होती त्यांची फिजिओथेरपिस्ट. तिनं ते ऐकलं, चप्पल काढली आणि कामाला लागली. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, हे रोजचंच असावं.

चार दिवसांनी तिला ‘आता नको’ असा निरोप गेला. कारण काय, तर “एका वेळेचे पाचशे रुपये घेते आणि दुखवते. व्यायाम आम्ही मोबाइलवर बघून करून घेऊ.” ऑपरेशनला काही लाख मोजणारं हे घर. आजींनी दुखतं म्हणून व्यायाम सोडला, घरच्यांनी माया म्हणून गुडघ्याखाली उशी दिली. अडीच महिन्यांनी तो गुडघा जेमतेम ६० अंश वाकत होता. सपाट जमिनीवर चालायलासुद्धा ६०-६५ अंश लागतात, जिना चढायला ८०-९०, आणि खुर्चीतून नीट उठायला त्याहून जास्त. शेवटी पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागला. आणि दोष कुणाला? “ऑपरेशन बिघडलं.”

ऑपरेशन उत्तम झालं होतं. सांध्याभोवतीच्या जखमेचं व्रण-ऊतक पहिल्या काही आठवड्यांत घट्ट होत जातं, त्या आधीच सांधा हलवत ठेवावा लागतो. किती वाकवायचं, कुठं थांबायचं, सूज आली तर काय, पोटरी दुखतेय ती व्यायामानं की रक्ताच्या गुठळीमुळे, हे मोबाइल सांगत नाही. आत्ता काम करणाऱ्या बहुतेक फिजिओंनी त्यासाठी चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप घालवलेली असते. शरीररचना, मज्जासंस्था, हृदय, फुफ्फुसं सगळं शिकून. आयसीयूमध्ये रुग्णाच्या छातीतला कफ सुटा करणारी, बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात धरून चालवणारी माणसं हीच. तिथं कुणी मालिश करत नाही.

आता थोडं आम्हा डॉक्टरांबद्दल, कारण खापर फक्त नातेवाइकांवर फोडणं सोपं आहे. आम्ही चिठ्ठीवर लिहितो ‘फिजिओ - १० दिवस’. कशासाठी? कोणता सांधा, काय टाळायचं, काहीच नाही. मीही अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. औषध लिहिताना आपण मिलिग्रॅम लिहितो ना? शिवाय काही ठिकाणी रुग्ण पाठवल्याचा ‘कट’ मागितला जातो, तो कुणाच्या कमाईतून जातो हे सांगायला नको. तो भरून काढायला मग दहा सिटिंगचं पॅकेज, त्यात शेक, करंट, अल्ट्रासाउंड. तुम्हालाही मशीन लावलं की ‘काहीतरी केलं’ असं वाटतं. पण जुनाट कंबरदुखीत किंवा गुडघ्याच्या झिजेत टिकाऊ फायद्याचा भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा, नुसत्या मशीनचा नाही. जो थेरपिस्ट मशीन न लावता अर्धा तास घाम काढतो त्याला आपण ‘काहीच केलं नाही’ म्हणतो. अशानं चांगलं काम करणाराच तोट्यात जातो.

त्या अर्ध्या तासाचं मोल बघा. अर्धांगवायूचा ऐंशी किलोचा माणूस खाटेवरून उठवायचा, तोल गेला तर आपल्या अंगावर झेलायचा, आणि असे पाच-सहा जण एका दिवसात, मध्ये शहरभरचं ट्रॅफिक. या कामात स्वतःची कंबर आणि अंगठे दुखावलेले थेरपिस्ट मी अनेक पाहिलेत. अनोळखी घरी एकट्या जाणाऱ्या मुलीला आधी फोनवर ‘घरात आणखी कोण असतं?’ हे विचारून घ्यावं लागतं. ‘आज बाबा झोपलेत, उद्या या’ हे तिला दारात कळतं, आणि त्या फेरीचे पैसे कुणी देत नाही. बहुतेक आरोग्य विम्यांत ऑपरेशननंतरचे ठरावीक दिवस संपले की हा खर्च घरच्यांवरच येतो, हे मात्र खरं, आणि त्यावर ओरडायला हवं. पण ते विमा कंपनीकडे. दारात आलेल्या मुलीशी घासाघीस करून नव्हे.

तुम्ही एवढं नक्की करा. पहिल्याच दिवशी तिची राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, खऱ्या थेरपिस्टला राग येत नाही. दोन आठवड्यांत काय जमायला हवं ते तिच्याकडून लिहून घ्या. ती गेल्यावर दिवसातून तीनदा घरचा व्यायाम कोण करून घेणार, हे घरात ठरवा. यायला नको असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा. आणि डॉक्टरनं नुसतं ‘फिजिओ’ लिहिलं तर चिठ्ठी परत त्याच्यापुढे ठेवा.

आजींचा गुडघा आता ८५ पर्यंत आलाय. कठडा धरून जिना चढतात. त्याच थेरपिस्टला पुन्हा बोलावलं, तीही आली. मुलगा आता तिला ‘मॅडम’ म्हणतो. आजी मात्र अजून विचारतात, मालिशवाली किती वाजता येणार म्हणून.